स्नेह्यांचीं मुलें आणि कॅमेरा

ज्या घराशीं आपला वर्षानुवर्षांचा घरोबा असतो, त्या घरांतील मुलें आपल्या डोळ्यांदेखत मोठीं होतात. आईबापांना रोजच्या सहवासामुळें तो बदल जाणवत नाहीं आणि परक्यास त्याचें अगत्य नसतें. अधूनमधून येणाऱ्या स्नेह्याला मात्र तो चटकन् दिसतो. असा स्नेही हातांत कॅमेरा घेऊन आला, तर काय साधतें व काय साधत नाहीं, याचें एक बोधप्रद उदाहरण इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथें घडून गेलें आहे.

चार्ल्स डॉज्सन हा तेथील क्राइस्ट चर्च कॉलेजांत गणित शिकवीत असे. ‘लुईस कॅरोल’ या टोपणनांवानें तो पुढें जगाला माहीत झाला. मार्च १८५६ मध्यें त्यानें कॅमेरा मागविला. २५ एप्रिल रोजीं कॉलेजचे डीन हेन्री लिडेल यांच्या बागेंतून कॅथीड्रलचें छायाचित्र घेण्याचा त्याचा बेत होता. लोरिना, अ‍ॅलिस आणि ईडिथ या डीनसाहेबांच्या मुली तेथेंच होत्या. त्यांना पुढें बसवून पाहिलें. पण मुली कांहीं स्वस्थ बसेनात! छायाचित्र साधलें नाहीं, स्नेह मात्र जुळला. अ‍ॅलिसला त्या वेळीं चार वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं.

आज खिशांतल्या मोबाईलवर क्षणार्धांत चित्र निघतें. त्या काळीं कांचेवर कोलोडियनचा चिकट थर द्यावयाचा, ती कांच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावयाची आणि वाळण्यापूर्वीं अंधाऱ्या खोलींत नेऊन चित्र उमटवावयाचें, असा सारा खटाटोप असे. मुलांना कित्येक सेकंद निश्चल राहावें लागे. डॉज्सन त्यांना गोष्टी सांगे, चित्रें काढून दाखवी आणि मुद्रा खुलल्या म्हणजे आपलें काम साधून घेई. अंधाऱ्या खोलींत कांचेवर आकृति हळूहळू उमटतांना पाहण्याची मौज अ‍ॅलिसला म्हातारपणींही आठवत असे. १८६० सालच्या एका छायाचित्रांत एक बहीण दुसरीच्या तोंडासमोर चेरीचीं फळें धरून आहे. असा खेळ परक्यासमोर रंगत नाहीं.

या घरोब्यांतूनच ४ जुलै १८६२ रोजीं नौकाविहारांत ‘अ‍ॅलिस’ची सुप्रसिद्ध गोष्ट जन्मली. नोव्हेंबर १८६४ मध्यें डॉज्सननें ती स्वहस्तें लिहून अ‍ॅलिसला भेट दिली, तेव्हां शेवटच्या पानावर तिचें सातव्या वर्षींचें छायाचित्र चिकटविलें होतें.

परंतु त्यापूर्वींच, जून १८६३ मध्यें, या स्नेहांत अंतर पडलें होतें. त्या दिवसांचें पान त्याच्या रोजनिशींतून कापलेलें आहे. पुढें औपचारिक संबंध राहिले, पहिला मोकळेपणा राहिला नाहीं. १८७० च्या जूनमध्यें मुलींच्या मातोश्री स्वतः लोरिना व अ‍ॅलिस यांना छायाचित्रासाठीं त्याच्याकडे घेऊन आल्या. अठरा वर्षांची अ‍ॅलिस खुर्चींत बसली आहे. मुद्रा गंभीर, ओठ मिटलेले. मुलगी तीच, छायाचित्रकारही तोच. पण चेरीच्या चित्रांतील खेळकरपणाचा येथें मागमूस नाहीं. तंत्र उणें पडलें नव्हतें, सहवास उणा पडला होता. धाकटी ईडिथ तर १८७६ सालीं, विवाह ठरलेला असतांना, वयाच्या बाविसाव्या वर्षीं वारली. तिच्या आईबापांना तीं बालपणींचीं छायाचित्रें पुढें काय वाटलीं असतील, हें सांगावयास नकोच.

डॉज्सननें इतर मुलांचीं जीं छायाचित्रें घेतलीं, त्यांतील कांहींविषयीं आज टीकाकार कठोर प्रश्न विचारतात. ते विचारलेच पाहिजेत. स्नेहाच्या नांवावर मुलांच्या लज्जेचा वा मर्जीचा अनादर करण्याचा अधिकार कोणासही नाहीं. आजच्या काळीं तर एक छायाचित्र क्षणांत हजारों अनोळखी माणसांपुढें जातें. म्हणून आईबापांची संमति हवीच. आणि मूल समजूं लागलें कीं त्याचीही हवी. त्यानें ‘नको’ म्हटलें तर कॅमेरा मुकाट्यानें मिटावा.

एवढें पथ्य सांभाळलें तर हा छंद फार गोड आहे. दरवर्षीं एकच दिवस ठरवावा. पाडवा किंवा दसरा सोईचा. जागाही एकच असावी, म्हणजे मागच्या खिडकीशीं मुलाची वाढती उंची ताडून पाहतां येते. छायाचित्र कागदावर छापून मागें नांवें व तारीख लिहावी आणि एक प्रत त्या घरीं आवर्जून द्यावी. एखाद्या वर्षीं मन दुखावलें असलें, तरी तेवढा दिवस चुकवूं नये. निदान छायाचित्राच्या निमित्तानें तरी त्या घरची पायरी चढावी.