राहून गेलेला दुखवटा

तुर्भ्याचा घाऊक बाजार लोकांच्या तोंडी अजून ‘वाशी मार्केट’च आहे. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य अशा पाच बाजारांचे हे आवार. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तरी मुंबईच्या चुली पेटायच्या तर हा बाजार चालूच ठेवणे भाग होते. माथाडी गोणी उचलत राहिले. पुढे बाजारातच कोरोना पसरला आणि ११ ते १७ मे असे सात दिवस पाचही बाजार बंद ठेवावे लागले. मग फवारणी झाली, गाड्या पुन्हा लागल्या. ज्या घरांतले माणूस त्या साथीत गेले, त्यांना मात्र अशी उघडण्याची तारीख मिळाली नाही.

आपल्याकडे दुःख एकट्याने करायचे नसते. शेजारचे भाकरी आणतात, दहाव्याला भावकी जमते, दुखवट्याला आलेली आत्याबाई गळ्यात पडून रडते आणि घरच्यांनाही रडवते. त्या वर्षी यातले फारसे काही झाले नाही. अनेकांना शेवटचे तोंडही पाहता आले नाही. अंत्यविधीला मोजकी माणसे, गावाकडच्या वाटा बंद. रडणे राहून गेले आणि मग ते अवेळी आले.

म्हणजे कसे? फंडाचे कागद, रेशनकार्ड, मुलांची फी हे सगळे वर्षभर कोरड्या डोळ्यांनी निभावणारी बाई एखाद्या दिवशी खुंटीवरची चुंबळ पाहून कोसळते. ‘कामावर जाऊ नका म्हटले होते’ म्हणून गेलेल्या नवऱ्यावरच चिडते. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीशी खळखळून हसते आणि हसलो म्हणून मनाला खाते. घरचे म्हणतात, सावरली होती, पुन्हा घसरली.

या ‘घसरली’ शब्दावर माझा आक्षेप आहे. दुःखाच्या पाच पायऱ्या आपण कुठेतरी वाचलेल्या असतात. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी त्या १९६९ मध्ये मांडल्या, पण मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठीचा तो जिना नव्हे. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये वेगळे चित्र मांडले. माणूस गमावलेल्याची आठवण आणि पुढचा संसार यांच्यामध्ये मन झोक्यासारखे येरझारा घालते. कधी दुःखाकडे पाहते, कधी त्याच्यापासून सुट्टी घेते. दोन्ही लागते. कागदपत्रांचे ते कोरडे वर्ष खोटे नव्हते आणि चुंबळीपुढचे रडणे ही पीछेहाट नव्हे.

तेव्हा ‘आता किती दिवस?’ हा प्रश्न नातेवाइकांनी विचारू नये. गेलेल्याचे नाव घरात घ्यावे. राहिलेला विधी दोन वर्षांनी केला तरी बिघडत नाही. रागही बोलू द्यावा. त्यावर लगेच ‘असे बोलू नये’ म्हणू नये.

मात्र झोका एकाच टोकाला अडकू शकतो. सहा महिने उलटून गेले तरी तीच तीव्र ओढ रोज छळते, कामधंदा आणि खाणेपिणे सुटते, तेव्हा तो उपचाराचा विषय असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या, जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत या लांबलेल्या शोकाला स्वतंत्र स्थान आहे. आणि जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर सहा दिवसही थांबू नये. सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि मराठीतून बोलता येते. ती चोवीस तास चालते, त्यामुळे बाजारातली रात्रपाळी संपवून पहाटेही फोन लावता येतो.