टेट्रा मासे आणि बेसाल्टी प्रदेशातील पाणी

१. प्रास्ताविक

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे महाराष्ट्राबाहेरही परिचित आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र ते मंदिर नसून, त्या परिसरातील विहिरींतून व कूपनलिकांतून निघणारे पाणी हा आहे. हा सारा प्रदेश दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा. येथील पाण्याने काचेची टाकी भरली आणि तीत दक्षिण अमेरिकेतील टेट्रा मासे सोडले तर त्यांचे काय होईल, हा प्रश्न वरवर पाहता केवळ हौसेचा वाटेल. परंतु त्याचे उत्तर शोधू लागले असता वर्गीकरणशास्त्र, प्राणिभूगोल, शरीरक्रियाविज्ञान व जलरसायन या चारही शाखांची मदत घ्यावी लागते. म्हणूनच प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हा विषय उद्बोधक ठरेल.

विभागाच्या प्रयोगशाळेसाठी किंवा घरासाठी मासे घेताना सामान्यतः त्यांचा रंग पाहिला जातो. पुढे दोन-तीन आठवड्यांत मासे एकेक करून मरू लागले की दोष रोगाला किंवा विक्रेत्याला दिला जातो. पुष्कळदा खरे कारण पाण्यातच असते. टेट्राची निवड रंग पाहून न करता आधी पाणी पाहून करावी, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

२. ‘टेट्रा’ या नावाचा अर्थ

‘टेट्रा’ हे कोणत्याही एका कुलाचे किंवा प्रजातीचे नाव नाही. कुव्हिए याने १८१६ साली ‘टेट्रागोनोप्टेरस’ ही प्रजाती प्रस्थापित केली. ग्रीक भाषेतील या शब्दाचा अर्थ ‘चौकोनी पर असलेला’ असा होतो. पुढे कितीतरी लहान मासे या नावाखाली घातले गेले, आणि मत्स्यपालकांनी त्या लांबलचक नावाचा आरंभ तेवढा व्यवहारात ठेवला. आज यांतील बहुतेक मासे त्या प्रजातीत राहिलेले नाहीत. नाव तेवढे टिकले आहे.

हे मासे कॅरॅसिफॉर्मीस या गणातील होत. आपले रोहू, कटला व खवल्या हे सायप्रिनिफॉर्मीस गणात मोडतात. दोन्ही गणांत वाताशय व अंतर्कर्ण यांना जोडणारी लहान अस्थींची साखळी, म्हणजे वेबरचे उपकरण, आढळते. तेव्हा त्यांचे दूरचे नाते स्पष्ट आहे. भेद ओळखण्याच्या खुणा दोन. टेट्राच्या जबड्यांत दात असतात, तर सायप्रिनिड माशांच्या जबड्यांत दात नसून ते घशात असतात. शिवाय बहुतेक टेट्रांना पृष्ठपर व पुच्छपर यांच्या दरम्यान एक लहान, मांसल मेदपर असतो. ही दुसरी खूण मात्र निरपवाद नाही. कोलंबियातील एम्परर टेट्रामध्ये (नेमॅटोब्रायकॉन पामेरी) मेदपर नसतो.

वर्गीकरणही अद्याप स्थिर झालेले नाही. दीर्घकाळ बहुतेक अमेरिकन टेट्रा कॅरॅसिडी या एकाच विशाल कुलात ठेवले जात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या कुलाचे चार भाग करण्यात आले, आणि मत्स्यालयातील बहुतेक परिचित टेट्रा ॲसेस्ट्रोऱ्हॅम्फिडी या कुलात गेले. आफ्रिकेतील काँगो टेट्रा (फेनॅकोग्रॅमस इंटरप्टस) तर ॲलेस्टिडी या निराळ्याच कुलातील आहे.

३. भौगोलिक प्रसार

कॅरॅसिफॉर्मीस गणातील मासे आज केवळ आफ्रिका व अमेरिका या खंडांत नैसर्गिकरीत्या आढळतात. दक्षिण अमेरिका व आफ्रिका ही खंडे सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी एकमेकांपासून दूर झाली, आणि या गणाचे दुभंगलेले क्षेत्र त्या घटनेशी जोडले जाते. भारतीय भूखंड त्याच्याही पूर्वी आफ्रिकेपासून विलग झाला होता. भारताच्या नद्यांत मूळचा एकही टेट्रा नाही. पृष्ठभागाजवळ थव्याने फिरावे, कीटक व सूक्ष्म प्राणी टिपावेत आणि मोठ्या माशांचे व पक्ष्यांचे भक्ष्य व्हावे, हे जे कार्य ॲमेझॉनमध्ये टेट्रा करतात, ते आपल्याकडे लहान सायप्रिनिड मासे करतात.

४. दोन पाण्यांतील अंतर

बेसाल्टमध्ये प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार व पायरॉक्सीन ही खनिजे मुख्य असतात. मातीतील कर्बवायू विरघळलेले पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून झिरपताना या खनिजांचा क्षय घडवून आणते, आणि त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट पाण्यात उतरतात. त्यामुळे दख्खनचे भूजल सामान्यतः दुष्फेन व किंचित अल्कधर्मी असते. लोक त्यास ‘जड पाणी’ म्हणतात. डाळ लवकर न शिजणे, साबणाला फेस न येणे आणि भांड्याच्या तळाशी पांढरी खपली धरणे, ही त्याची घरगुती लक्षणे होत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात दुष्फेनतेची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम, तर अन्य स्रोत नसल्यास चालणारी मर्यादा ६०० मिलिग्रॅम सांगितली आहे.

याउलट ब्राझीलच्या रिओ नेग्रो नदीचे पाणी. कुजलेल्या पालापाचोळ्यातील ह्युमिक अम्लांमुळे ते चहासारखे गडद दिसते. त्याचा सामू ४ ते ५ च्या आसपास असतो, आणि क्षारांचे प्रमाण इतके अल्प की ते जवळजवळ ऊर्ध्वपातित पाण्यासारखे असते. अशा पाण्यात शरीरातील सोडियम सतत बाहेर झिरपून जाण्याचा धोका असतो. इतर माशांत तीव्र आम्लतेमुळे सोडियम शोषण्याची क्रिया मंदावते. निऑन टेट्राच्या कल्ल्यांत मात्र ती तशा पाण्यातही चालू राहते, असे प्रयोगांती दिसून आले आहे. हे अनुकूलन निःसंशय असामान्य आहे. परंतु जे शरीर क्षारांच्या दुर्भिक्षासाठी घडले, त्यास क्षारांची विपुलता मानवेलच असे नाही.

येथे अमोनियाचाही विचार केला पाहिजे. माशांच्या उत्सर्गातून निघणारा अमोनिया पाण्यात दोन रूपांत राहतो. त्यांपैकी आयनरहित रूप अधिक विषारी होय. २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू ७ असता एकूण अमोनियाच्या सुमारे अर्धा टक्का एवढाच भाग या रूपात असतो. सामू ८ झाला की तो सुमारे ५ टक्के होतो. म्हणजे तितकीच घाण अल्कधर्मी पाण्यात जवळजवळ दहापट घातक ठरते. विदर्भातील उन्हाळा यात आणखी भर घालतो. टाकीतील पाणी आटते, परंतु क्षार मागे राहतात. आटलेल्या पाण्याच्या जागी पुन्हा विहिरीचेच पाणी घातले की दुष्फेनता दर आठवड्यास वाढत जाते. तापमान २५ वरून ३५ अंशांवर गेले असता पाण्यात विरघळू शकणारा प्राणवायूही लिटरला सुमारे ८.३ वरून ७ मिलिग्रॅमपर्यंत घटतो.

५. जातींचे तीन वर्ग

पाण्याच्या कसोटीवर मत्स्यालयातील टेट्रांचे स्थूलमानाने तीन वर्ग पाडता येतील.

*(अ) मृदू व आम्ल पाण्यातील जाती.* यांत निऑन टेट्रा (पॅराकायरोडॉन इन्नेसी) सर्वांत प्रसिद्ध आहे. मायर्स याने १९३६ साली त्याचे वर्णन केले आणि फिलाडेल्फियाचे मत्स्यालयविषयक प्रकाशक विल्यम इन्नेस यांचे नाव त्यास दिले. त्याचाच जवळचा नातेवाईक कार्डिनल टेट्रा (पॅराकायरोडॉन ॲक्सेलरोडी). निऑनमध्ये तांबडा पट्टा शरीराच्या मागील अर्ध्या भागात असतो, तर कार्डिनलमध्ये तो डोक्यापासून शेपटीपर्यंत जातो. कार्डिनलच्या नावाचा इतिहासही लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९५६ च्या फेब्रुवारीत शुल्त्झ याचे वर्णन प्रसिद्ध झाले, आणि त्यानंतर अवघ्या एका दिवसाने मायर्स व वाइट्झमन यांनी त्याच माशास दुसरे नाव दिले. हा वाद प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगापुढे गेला व अग्रक्रमाच्या तत्त्वानुसार शुल्त्झचे नाव ग्राह्य ठरले.

या दोन्ही माशांचा निळा पट्टा रंगद्रव्याचा नाही. त्वचेतील विशिष्ट पेशींत ग्वानिनच्या पातळ पत्र्यांचे थर असतात, आणि त्यांच्यामधील अंतरानुसार प्रकाशाचे परावर्तन होऊन रंग दिसतो. हे अंतर बदलले की रंगही बदलतो. म्हणूनच रात्री दिवा लावून पाहिले असता पट्टा फिकट किंवा जांभळसर दिसतो. नवख्या पालकाने तो रोग समजू नये. खरा ‘निऑन रोग’ प्लीस्टोफोरा हायफेसोब्रायकॉनिस या सूक्ष्मबीजाणू परजीवीमुळे होतो व त्यात स्नायू पांढुरके पडतात. त्यावर खात्रीचा उपाय नसल्याने बाधित मासा तत्काळ वेगळा करावा.

लाल तोंडाचे रमीनोज टेट्रा याच वर्गात येतात. बाजारातील निऑन बहुधा पैदास केंद्रांत वाढलेले असतात व मध्यम दुष्फेन पाणी काही काळ सोसतात. तथापि सोसणे आणि सुखाने जगणे यांत भेद आहे. दुष्फेन पाण्यात त्यांची अंडी सहसा उबत नाहीत, ही त्याची सरळ साक्ष होय.

*(आ) मध्यम पाण्यातील जाती.* गियानातील ग्लोलाइट, तापाजोस खोऱ्यातील लेमन, वर उल्लेखिलेले एम्परर व काँगो हे टेट्रा या वर्गात घालता येतील. विहिरीच्या पाण्यात निम्मे पावसाचे पाणी मिसळले तर हे मासे बहुधा चांगले राहतात. काँगो टेट्रा आकाराने मोठा असल्याने त्यास लांब टाकी लागते.

*(इ) दुष्फेन पाणी सोसणाऱ्या जाती.* पॅराग्वाय खोऱ्यातील ब्लॅक विडो (जिम्नोकोरिम्बस टर्नेत्सी) हा यांत सर्वांत काटक. त्याचेच रंगीबेरंगी मासे बाजारात दिसतात. त्यांपैकी काही कृत्रिम रंग टोचून किंवा रंगद्रावणात बुडवून तयार केलेले असतात. तो रंग काही महिन्यांत उतरतो व माशास क्लेश होतात ते निराळेच. २०१२ साली अमेरिकेत विक्रीस आलेला प्रकाशमान हिरवा टेट्रा मात्र जनुकीय परिवर्तनातून निर्माण झालेला आहे. त्याचा रंग पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. सर्पे टेट्राही काटक आहे, परंतु तो इतरांचे पर कुरतडतो. ब्वेनोस आयरेस टेट्रा पाणवनस्पती खाऊन टाकतो. पारदर्शक शरीराचा एक्स-रे टेट्रा (प्रिस्टेला मॅक्सिलारिस) किनारी प्रदेशातील किंचित खारट पाण्यातही आढळतो, म्हणून आपल्या पाण्यात तो टिकतो.

विद्यापीठीय प्रयोगशाळेच्या दृष्टीने या वर्गातील सर्वांत मोलाचा मासा म्हणजे मेक्सिकोचा अंध गुहावासी टेट्रा (ॲस्टियानॅक्स मेक्सिकानस). चुनखडीच्या गुहांतून येणारे त्याचे मूळ पाणी दुष्फेनच असते. १९३६ साली तो स्वतंत्र प्रजाती म्हणून वर्णिला गेला. पुढे बाहेरच्या नदीतील डोळस माशांशी त्याचा संकर होतो असे दिसून आले व दोन्ही एकाच जातीचे ठरले. गर्भावस्थेत अंध माशाचा डोळा घडू लागतो, पण नेत्रभिंगातील पेशी मरतात आणि डोळा लोप पावतो. यामामोटो व जेफ्री यांनी २००० साली डोळस माशाच्या गर्भातील भिंग अंध माशाच्या गर्भात बसविले, तेव्हा तेथे डोळा विकसित झाला. उत्क्रांती व गर्भविकास यांचा संबंध शिकविण्यास याहून चांगले जिवंत उदाहरण मिळणे कठीण.

६. आपल्याच पाण्यातील मासे

ज्यांना थव्याने फिरणाऱ्या लहान माशांचे निरीक्षण करावयाचे आहे, त्यांना परदेशाकडेच पाहण्याचे कारण नाही. पेथिया टिक्टो, रासबोरा डॅनिकोनियस, डेव्हारिओ इक्विपिनॅटस आणि जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचलेला झेब्रा मासा (डॅनिओ रेरिओ) हे भारतीय मासे आपल्या पाण्यास सरावलेले आहेत. दख्खनच्या माशांचा शास्त्रीय अभ्यास सायक्स याने १८३९ साली प्रसिद्ध केला. त्याने ‘बोगट’, ‘पोटेल’, ‘मुसुल्लाह’ अशी स्थानिक नावेच शास्त्रीय नावांत योजली. मराठी मुलखातील कोळ्यांचे ज्ञान अशा रीतीने जागतिक वर्गीकरणात नोंदले गेले आहे. पैनगंगा व काटेपूर्णा यांच्या खोऱ्यांतील लहान माशांची ओढ्याओढ्यांतून नोंद करणे, हे आजच्या विद्यार्थ्यास सहज हाती घेता येण्याजोगे काम आहे.

७. एक इशारा

नकोसे झालेले मासे विहिरीत, तलावात किंवा नदीत सोडणे ही भूतदया नव्हे. मत्स्यालयांच्या व्यापारातून आलेला सकर मासा भीमेवरील उजनी जलाशयात स्थिरावला आहे. टेट्रांचा एक मोठा नातलग तर आपल्या बाजारातच येऊन बसला आहे. ‘रूपचंद’ या नावाने विकला जाणारा मासा म्हणजे दक्षिण अमेरिकेतील पाकू (पियारॅक्टस ब्रॅकिपोमस) असून तोही कॅरॅसिफॉर्मीस गणातीलच होय. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो बांगलादेशमार्गे भारतात आला आणि मत्स्यशेतीतून निसटून अनेक नद्यांत आढळू लागला. जी जात आपले पाणी उत्तम सोसते, तीच बाहेर सुटल्यास अधिक धोकादायक ठरू शकते. म्हणून वर्ग (इ) मधील मासे पाळणाऱ्याची जबाबदारी अधिक आहे.

८. समारोप

व्यवहारात इतके करावे. मासे आणण्यापूर्वी पाण्याचा सामू व दुष्फेनता मोजावी. आटलेल्या पाण्याच्या भरपाईसाठी पावसाळ्यात, पहिल्या सरींनी छप्पर धुऊन निघाल्यावर, स्वच्छ पाणी साठवून ठेवावे. ते नसेल तर गाळणयंत्रातून क्षार काढलेले पाणी वापरावे. वर्ग (अ) चे मासे अशी सोय असेल तरच घ्यावेत. सोय नसेल तर वर्ग (इ) मधील मासे किंवा आपल्या ओढ्यातील मासे पुरेसे आहेत.

टाकीतील मासा मूक असतो. त्यास पाणी मानवले नाही, हे तो मरूनच सांगतो. ते त्याच्या मरणापूर्वी मोजमापाने जाणून घेणे, हाच प्राणिशास्त्राच्या शिक्षणाचा येथे उपयोग होय.