डी.ओ.एम. : दीर्घकाळ टिकणारे एक कृत्रिम भ्रमोत्पादक द्रव्य

मनुष्याच्या संवेदना, भावना आणि काळाची जाणीव ह्यांत विलक्षण पालट घडवून आणणाऱ्या द्रव्यांना सामान्यतः भ्रमोत्पादक द्रव्ये असे म्हटले जाते. त्यांपैकी मेस्कलिन हे पेयोटे नावाच्या निवडुंगातून मिळते, सिलोसायबिन काही जातींच्या अळंब्यांतून मिळते, आणि एल.एस.डी. हे अरगट बुरशीतील अल्कलॉइडांपासून तयार करण्यात आले. ही तीन नावे सुशिक्षित वाचकाला परिचित असतात. परंतु ह्यांच्याखेरीज ज्यांचा जन्म केवळ रसायनशाळेतच झाला अशा द्रव्यांचा एक मोठा वर्ग आहे, आणि डी.ओ.एम. हे त्यांतील एक महत्त्वाचे पण अल्पपरिचित द्रव्य होय. त्याचा इतिहास औषधिक्रियाशास्त्राच्या अभ्यासकाला एक मूलभूत गोष्ट शिकवितो. ती अशी की, एखाद्या द्रव्याचे सामर्थ्य किती आहे एवढेच जाणून भागत नाही; त्याची क्रिया केव्हा सुरू होते आणि किती काळ टिकते हेही तितकेच निर्णायक असते.

डी.ओ.एम.चे पूर्ण रासायनिक नाव २,५-डायमेथॉक्सी-४-मिथिल-अँफेटामीन असे आहे. अमेरिकेतील डाऊ केमिकल कंपनीत काम करणारे रसायनज्ञ अलेक्झांडर शुल्गिन (१९२५–२०१४) ह्यांनी १९६३ मध्ये ते प्रथम तयार केले. त्यांच्यापुढील प्रश्न शुद्ध शास्त्रीय स्वरूपाचा होता. मेस्कलिनच्या रेणूत बेंझीन वलयाला तीन मेथॉक्सी गट जोडलेले असतात. मात्र त्याची मात्रा कित्येक शतक मिलिग्रॅम इतकी लागते. हेच तीन गट वलयाच्या २, ४ व ५ ह्या स्थानी असलेले अँफेटामीन शुल्गिन ह्यांना परिणामकारक आढळले होते. आता शंका अशी होती की, चौथ्या स्थानावरील मेथॉक्सी गटाचे शरीरात विघटन होत असावे. तसे असल्यास दिसून येणारा परिणाम मूळ रेणूचा, की विघटनानंतर उरणाऱ्या रेणूचा?

ह्या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी त्यांनी चौथ्या स्थानी मेथॉक्सीऐवजी मिथिल गट बसविला. हा गट शरीराला सहजासहजी काढता येणार नाही, अशी अपेक्षा होती. परिणाम विघटनजन्य पदार्थाचा असेल, तर नवे द्रव्य निष्क्रिय ठरावे. उलट तो मूळ रेणूचाच असेल, तर नवे द्रव्य अधिक प्रभावी व दीर्घकाळ टिकणारे ठरावे. प्रत्यक्षात दुसरा पर्याय खरा ठरला. काही मिलिग्रॅम एवढ्या अल्प मात्रेतच डी.ओ.एम. क्रियाशील असल्याचे आढळून आले.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावयास हवा. भाकीत खरे ठरले म्हणून त्यामागील कारणमीमांसाही पूर्ण असते असे नाही. पुढे प्राण्यांवर झालेल्या अभ्यासांत मिथिल गटाचेही शरीरात ऑक्सिडीभवन होते असे दिसून आले. अर्थात तो गट सर्वस्वी अभेद्य नव्हता. त्याचप्रमाणे चौथ्या स्थानी मेदस्नेही गट असला म्हणजे रेणू ग्राहीला अधिक घट्ट बिलगतो, हेही निष्पन्न झाले. सारांश, डी.ओ.एम.ची प्रभावशीलता केवळ चयापचयाला होणाऱ्या विरोधातून आलेली नाही. ग्राहीशी असलेल्या त्याच्या मेळाचा तीत मोठा वाटा आहे.

अँफेटामीन ह्या शब्दामुळे होणारा एक गैरसमजही दूर करणे अवश्य आहे. साध्या अँफेटामीनची उत्तेजक क्रिया मुख्यत्वे डोपामीन व नॉरअँड्रेनॅलीन ह्यांच्या उत्सर्जनातून घडते. डी.ओ.एम.ची क्रिया मुख्यतः तशी नसून ते सिरोटोनिनच्या २ए जातीच्या ग्राहींना प्रत्यक्ष उद्दीपित करते. दोहोंतील फरक त्रिमिती रचनेतही प्रकट होतो. साध्या अँफेटामीनच्या दोन प्रतिबिंबरूपांपैकी दक्षिणवलनी रूप अधिक प्रभावी असते, तर डी.ओ.एम.चे वामवलनी रूप अधिक प्रभावी असते. सांगाडा एकच असला तरी दोन्ही रेणू शरीरात वेगवेगळ्या दारांतून प्रवेश करतात, असेच म्हणावयास हवे.

ह्या ग्राहीचा शोध घेण्याच्या कामी डी.ओ.एम.चा फार उपयोग झाला. रिचर्ड ग्लेनन व त्यांचे सहकारी ह्यांनी डी.ओ.एम. दिले असता एक कळ आणि केवळ लवणद्रावण दिले असता दुसरी कळ दाबावयास उंदरांना शिकविले. अशा प्रशिक्षित उंदरांना केटॅन्सेरिन हे सिरोटोनिन-रोधक आधी दिले, तर त्यांना डी.ओ.एम.ची ओळख पटेनाशी होते. १९८४ मध्ये ह्या गटाने असे दाखविले की, निरनिराळ्या भ्रमोत्पादक द्रव्यांची मनुष्यातील प्रभावशीलता व त्यांची सिरोटोनिन-२ ग्राहीविषयीची आसक्ती ह्यांत निकटचा संबंध आहे. पुढे १९९८ मध्ये झुरिच येथील फ्रान्झ फोलेनवायडर व त्यांचे सहकारी ह्यांनी केटॅन्सेरिनमुळे मनुष्यातही सिलोसायबिनचे मानसिक परिणाम रोखले जातात हे सिद्ध केले. उंदरांच्या पिंजऱ्यात सुचलेल्या अनुमानाला अशा रीतीने मानवी प्रयोगाचा आधार मिळाला.

परंतु प्रयोगशाळेत उपयुक्त ठरलेले हेच द्रव्य प्रयोगशाळेबाहेर कसे घातक ठरले, हा ह्या इतिहासाचा दुसरा भाग होय. १९६७ च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोमधील हाइट-ॲशबरी ह्या वस्तीत तरुणतरुणींचे मोठे समुदाय जमले होते. तेथे एस.टी.पी. ह्या नावाने एका नव्या द्रव्याच्या गोळ्या वाटण्यात आल्या. हे द्रव्य म्हणजे डी.ओ.एम. होय, हे पुढे रासायनिक पृथक्करणाने निश्चित झाले. प्रारंभीच्या गोळ्यांत सुमारे २० मिलिग्रॅम, तर नंतरच्या गोळ्यांत सुमारे १० मिलिग्रॅम द्रव्य होते. घेणाऱ्यांना ना त्याचे रासायनिक नाव ठाऊक होते, ना मात्रा.

त्यांच्यापाशी अनुभव होता तो एल.एस.डी.चा. एल.एस.डी.चा परिणाम अर्ध्या ते एक तासात जाणवू लागतो. डी.ओ.एम.चा परिणाम मात्र सावकाश चढतो, आणि त्याचा कळस गाठावयास कित्येक तास लागतात. तासाभरात विशेष काही जाणवले नाही म्हणून गोळी निःसत्त्व आहे असा समज करून अनेकांनी दुसरी गोळी घेतली. पहिलीची क्रिया भरात येऊ लागली तेव्हा दुसरीही तिच्यात मिसळू लागली. कित्येकांची तीव्र भीती, गोंधळ आणि क्षोभ ही लक्षणे दिवस उलटला तरी ओसरली नाहीत. अनुभव संपतच नाही, ही जाणीव हेच भयाचे नवे कारण बनले. डॉ. डेव्हिड स्मिथ ह्यांनी त्याच वर्षी जून महिन्यात तेथे उघडलेल्या विनामूल्य दवाखान्याच्या पहिल्याच काही आठवड्यांत ही अडचण उभी राहिली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सॉलोमन स्नायडर, लुई फेलेस व लिओ हॉलिस्टर ह्यांचा निरोगी स्वयंसेवकांवरील अभ्यास ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अल्प मात्रेत डी.ओ.एम.ने सौम्य उल्हास निर्माण होतो, ३ मिलिग्रॅमहून अधिक मात्रेत स्पष्ट भ्रम होऊ शकतात, आणि ते सुमारे ८ तास टिकतात, असे त्यांना आढळले. मेस्कलिनच्या तुलनेत हे द्रव्य सुमारे १०० पट प्रभावी आणि एल.एस.डी.च्या तुलनेत सुमारे एकतीसांश प्रभावी ठरले. ह्या आकड्यांच्या प्रकाशात रस्त्यावरील अनर्थाचा उलगडा होतो. २० मिलिग्रॅमची एकच गोळी म्हणजे भ्रमोत्पादक मात्रेच्या ह्या सीमेच्या सहापटींहून अधिक होती. दोन गोळ्यांचा हिशेब तर सांगावयासच नको. रुग्णालयातील ८ तास आणि रस्त्यावरील दीर्घ यातना ह्यांत वस्तुतः विरोध नाही. मात्रेतील तफावतीने त्याचा बराचसा खुलासा होतो.

ह्याच अभ्यासाने उपचारविषयक एका प्रवादाचीही परीक्षा केली. भ्रमोत्पादक द्रव्याने क्षुब्ध झालेल्या रुग्णास त्या काळी क्लोरप्रोमॅझीन देण्याचा प्रघात होता. एस.टी.पी.च्या बाबतीत ह्या औषधाने प्रकृती उलट अधिक बिघडते, अशी वार्ता पसरली होती. नियंत्रित परिस्थितीत क्लोरप्रोमॅझीनमुळे डी.ओ.एम.चे भ्रम वाढत नाहीत, असे दिसून आले. तथापि ही परीक्षा मोजक्या मात्रेवर झाली होती, हे विसरता कामा नये. आज अशा रुग्णास शांत जागी ठेवणे, धीर देणे, आवश्यकतेनुसार बेंझोडायझेपीन वर्गातील औषध देणे आणि शरीराचे तापमान, नाडी व रक्तदाब ह्यांवर लक्ष ठेवणे, ह्यांवरच मुख्य भर दिला जातो. परिणाम दीर्घकाळ टिकत असल्याने रुग्णास लवकर घरी पाठविणे इष्ट नसते.

धोक्यांचे स्वरूप केवळ मानसिक नाही. सिरोटोनिन-२ए ग्राही मेंदूप्रमाणेच रक्तवाहिन्यांच्या स्नायूंतही असतात. त्यामुळे नाडी जलद होणे, रक्तदाब वाढणे, रक्तवाहिन्या आकुंचित होणे आणि तापमान चढणे हे परिणाम संभवतात. डी.ओ.एम.मधील मिथिलच्या जागी ब्रोमीन असलेले डी.ओ.बी. हे द्रव्य ह्या बाबतीत विशेष भयावह आहे; त्याच्या सेवनानंतर सर्वांगातील धमन्यांचे तीव्र आकुंचन झाल्याचे वृत्त १९८३ मध्ये वैद्यकीय वाङ्मयात नोंदविले गेले. मानसिक बाजूस तीव्र भीती, भ्रमाच्या भरात होणारे अपघात, पूर्वप्रवृत्ती असलेल्यांत मनोविकृतीचा उद्रेक, आणि क्वचित द्रव्याचा अंमल उतरल्यावरही टिकून राहणारे दृष्टिविकार ह्यांचा उल्लेख करावा लागतो.

आणखी एक संकट केवळ नावाच्या फसवणुकीतून उद्भवते. शोषक कागदाच्या इवल्याशा तुकड्यावर मावेल इतक्या अल्प मात्रेत जे परिणामकारक असेल, ते कोणतेही द्रव्य एल.एस.डी. म्हणून खपविता येते. डी.ओ.बी.सारखी द्रव्ये अशीच खपविली गेली. २५आय-एनबोमे हे द्रव्य २००३ मध्ये बर्लिन येथे ग्राहीसंशोधनाच्या हेतूने राल्फ हाइम ह्यांच्या प्रबंधात प्रथम वर्णिले गेले. २०१० नंतर तेही ह्याच मार्गाने बाजारात शिरले आणि त्याने अनेकांचे प्राण घेतले. प्रयोगशाळेत एरलिखच्या अभिकर्मकाने एल.एस.डी.मधील इंडोल वलय जांभळा रंग देते, तर डी.ओ.एम.च्या कुलातील द्रव्ये तो देत नाहीत. परंतु ही केवळ प्राथमिक खूण होय. निश्चित ओळख वर्णलेखन व वस्तुमान-वर्णपटमापन ह्यांनीच पटते. रुग्णालयातील नेहमीच्या मूत्रचाचणीत ही द्रव्ये सापडतीलच असे नाही. म्हणून चाचणी नकारार्थी आली तरी चिकित्सकाने लक्षणांकडे दुर्लक्ष करता कामा नये.

१९७१ च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय करारात डी.ओ.एम.चा समावेश पहिल्या, म्हणजे सर्वांत कठोर नियंत्रणाच्या अनुसूचीत झाला. भारतातही १९८५ च्या अंमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमान्वये ते नियंत्रित आहे. अलीकडे सिलोसायबिनच्या उपचारमूल्याचा पुन्हा विचार होत असताना डी.ओ.एम. मात्र त्यापासून दूरच राहिले आहे. सिलोसायबिनचा परिणाम चार ते सहा तासांत ओसरतो आणि रुग्णावर दिवसभरात देखरेख ठेवता येते. डी.ओ.एम.च्या बाबतीत तशी सोय नाही. ज्या टिकाऊपणासाठी हा रेणू रचला गेला, त्याच टिकाऊपणामुळे तो उपचाराच्या दृष्टीने गैरसोयीचा आणि अजाण सेवनाच्या दृष्टीने धोक्याचा ठरला. रेणूतील एका गटाच्या फेरफाराने प्रभावाबरोबर त्याचे कालमानही पालटते. म्हणून नव्या द्रव्याची परीक्षा करताना मात्रेइतकीच घड्याळाकडेही दृष्टी असावयास हवी.