मांजर, उंदीर आणि प्लेग

इस्तंबूल पाहून आलेला प्रवासी तेथील मशिदींइतक्याच कौतुकाने तेथल्या मांजरांचे वर्णन करतो. जपानमधील ताशिरोजिमा बेटावर तर माणसे थोडी आणि मांजरेच फार! या बेटावर पूर्वी रेशमाचे किडे पाळत. उंदीर ते किडे फस्त करीत, म्हणून लोकांनी मांजरे बाळगली. रेशमाचा धंदा गेला, मांजरे राहिली, आणि आता ती पाहायला प्रवासी येतात. मांजराच्या गोष्टीचे मूळ शोधत गेले, की बहुधा आपण असे उंदरापाशी येऊन पोचतो.

साताऱ्याचा अजिंक्यतारा किंवा सांगलीचे गणपतीचे देऊळ पाहायला येणारा माणूस मांजरासाठी येत नाही. पण मांजर आणि उंदीर यांच्या वैराला या मुलखात एके काळी जीवनमरणाचे महत्त्व आले होते.

१८९६ साली मुंबईत प्लेग सुरू झाला आणि लवकरच तो सातारा जिल्ह्यातही पोचला. आजच्या सांगली जिल्ह्याचे बरेच तालुके तेव्हा साताऱ्यातच होते, तर सांगली हे वेगळे संस्थान होते. घरात उंदीर पटापट मरू लागले की ‘उंदीर पडले’ असे म्हणत, आणि लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत. या जिल्ह्यातील नायगावी जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. पुढील काही दशकांत भारतात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे मेली.

मेलेल्या उंदराचा आणि माणसाच्या आजाराचा संबंध काय? येर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँग येथे प्लेगचा जंतू शोधला होता, पण तो माणसापर्यंत येतो कसा हे कळले नव्हते. १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून सांगितले की, उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग आणते. फारसा कोणाचा विश्वास बसला नाही! १९०५ पासून मुंबईत प्लेग कमिशनने जे प्रयोग केले, त्यांतला एक मला फार आवडतो. प्लेगच्या घरात गिनीपिगांचे पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर ठेवले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या प्राण्यांना प्लेग झाला, दोन फुटांवर टांगलेले मात्र वाचले. रोग दूषित हवेतून येत असता तर दोन फुटांनी काय फरक पडणार होता? पण पिसवेची उडी चारपाच इंचांपलीकडे जात नाही. उंदीर मेला, त्याचे अंग गार पडले, की पिसवा उपाशी होतात आणि जवळ सापडेल त्या प्राण्याला चावतात. तो प्राणी पुष्कळदा माणूसच असे.

याचे कारण आपल्या जुन्या घरांत आहे. भिंतीतले बळद, कोपऱ्यातली कणगी, वर माळा आणि त्यावर कौले किंवा गवत. आपला घरउंदीर चढण्यात पटाईत. दाणे खाली, बीळ वर आणि माणसे मध्ये! सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवण्यासाठी जमिनीत खोल पेवे खणत. पेवाचे तोंड पक्के बुजवले की आत हवा नाही आणि उंदरालाही वाव नाही. पण रोजच्या दाण्याला पेव कसे चालेल? तेथे मांजरच हवे.

अमरावतीचे सिव्हिल सर्जन बुकॅनन यांना हे पटले होते. ज्या गावांत मांजरे पुष्कळ तेथे प्लेग कमी, असे पाहणीत आढळल्याचे त्यांनी १९०८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिले. त्याच वर्षी जपानला गेलेल्या रॉबर्ट कॉख यांनीही मांजरे पाळण्याचा सल्ला दिला.

मग मांजर हे प्लेगवरचे औषध म्हणायचे का? थांबा. मांजरे असलेल्या गावांत आणखी काय वेगळे होते? घरे हवेशीर होती काय? धान्य नीट झाकलेले होते काय? दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. शिवाय मांजरालाही प्लेग होतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात आजारी मांजरांपासून माणसांना प्लेग झाल्याची उदाहरणे १९७७ पासून नोंदली गेली आहेत. आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका कारखान्यात शास्त्रज्ञांनी ७९ दिवस कॅमेरे लावून ठेवले, तेव्हा तेथल्या मांजरांनी मारलेले उंदीर भरले अवघे दोन! २०१८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अर्थात तेथील तपकिरी उंदीर चांगलाच दांडगा असतो. आपला घरउंदीर त्या मानाने लहान, तेव्हा बुकॅनन यांना अगदीच खोडून काढता येत नाही. मांजर आले की उंदीर उघड्यावर हिंडणे कमी करतात, हेही ब्रुकलिनमध्ये दिसलेच.

उंदीर वाढतात ते मुख्यतः खायला मिळते म्हणून. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बीड जिल्ह्यातील मामला गावच्या लोकांनी भीतीने घरे सोडली, धान्य मात्र घरातच राहिले. त्यावर उंदीर माजले, आणि १९९४ मध्ये तेथे प्लेगचे रोगी आढळले तेव्हा हेच कारण पुढे आले. गावातल्या मांजरांचे काय झाले होते, ते मात्र कोणी विचारलेले दिसत नाही.