पिशवीचे ऑपरेशन आणि मेंदूचे आरोग्य



ऊस, रिकव्हरी, तोडणी-वाहतूक या गोष्टी या पानावर नेहमीच येतात. या खेपेला विषय जरा अवघड वाटेल, पण तो तोडणीच्याच फडातला आहे. परळी, धारूर, वडवणी, केज या भागातून दर दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. त्यातला अर्धा कोयता बाईचा असतो. या बायांपैकी कितीतरी जणी तिशी-पस्तिशीतच गर्भपिशवी काढून बसल्या आहेत. पुढे चार-पाच वर्षांनी त्यांची तक्रार ऐकू येते : "अंगात जाळ होतोय, रातभर झोप लागंना, ठेवलेलं कुठं ठेवलं ते इसरून जातंय." घरचे म्हणतात, नाटकं करते. कोणी बाहेरचे बघायला नेतात. याचे खरे कारण बहुतेक घरांत कोणी सांगितलेलेच नसते, म्हणून हा लेख.

आकडे आधी सांगतो. जून २०१९ मध्ये विधान परिषदेत सरकारने माहिती दिली की, बीड जिल्ह्यातील ९९ खासगी दवाखान्यांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भपिशव्या काढल्या गेल्या. नंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळी जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींचे हे ऑपरेशन झालेले निघाले. म्हणजे सहा बायांमागे एक. त्याच्या थोड्या वर्षे आधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सगळ्या देशाचे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते.

असे का झाले, हे फडावर गेलेल्याला सांगायला नको. पहाटे उठून थंडीत तोडणी, डोक्यावर मोळी, कोपीत ना न्हाणी ना संडास. अंगावरून जाते, ओटीपोट दुखते, पाळीच्या दिवसांत सुद्धा सुट्टी नाही. खाडा झाला की पैसे कापले जातात आणि उचल तर डोक्यावर असतेच. अशा वेळी कोणी "पिशवीत घाण झाली, पुढे कॅन्सर होईल" अशी भीती घातली की बाई म्हणते, काढून टाका एकदाची. पुष्कळदा तो आजार नुसता जंतुसंसर्गाचा असतो आणि औषधगोळ्यांनी बरा होण्यासारखा असतो.

आता मुद्द्याचे. पिशवी ही गर्भ वाढण्याची जागा. तिच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशये असतात. इस्ट्रोजेन नावाचे हार्मोन तिथे तयार होते. एका विहिरीवर चार वावरं भिजावीत तसे हे हार्मोन रक्तातून पाळीला तर पुरतेच, पण हाडांना, हृदयाला, कातडीला आणि मेंदूलाही पुरते. मेंदूचा जो भाग अंगाची ऊब सांभाळतो, जो आठवण साठवतो, जो झोप आणि मन ताळ्यावर ठेवतो, त्या सगळ्यांना त्याची सवय असते.

पाळी आपल्या वेळेला गेली, म्हणजे आपल्याकडे साधारण पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान, तर ही विहीर काही वर्षांत हळूहळू आटते. तेव्हाही घाम सुटतो, चिडचिड होते, नाव ओठावर येऊन अडते. पण मेंदू जुळवून घेतो. अमेरिकेत हजारो बायांवर १९९६ पासून वर्षानुवर्षे लक्ष ठेवून पाहिले गेले. तेव्हा दिसले की पाळी जाण्याच्या उंबरठ्यावर नवे लक्षात ठेवणे थोडे जड जाते आणि पाळी पूर्ण गेल्यावर ते पुन्हा सावरते. तेव्हा पन्नाशीच्या बाईने "मला वेड लागणार" असे घेऊन बसू नये.

पिशवीबरोबर दोन्ही अंडाशये काढली की मात्र विहीर एका दिवसात बुजते. पस्तिशीच्या बाईचा मेंदू त्याला तयारच नसतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९५० ते १९८७ या काळात असे ऑपरेशन झालेल्या बायांचा पुढे कित्येक वर्षे माग काढला. २००७ साली त्यांनी जाहीर केले की, पाळी जाण्याआधी अंडाशये काढलेल्या बायांत उतारवयात विस्मृतीचा आजार जास्त दिसतो. ऑपरेशनचे वय जितके कमी, तितका धोका जास्त. मात्र ज्यांना पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेनचे औषध मिळाले, त्यांच्यात हा वाढीव धोका दिसला नाही. धोका जास्त म्हणजे प्रत्येकीला आजार होणारच असे नव्हे. अंडाशये ठेवून नुसती पिशवी काढली, तरी पाळीचे वय लवकर संपण्याचा संभव थोडा वाढतोच. आणि पाळी येत नसल्याने ते कधी संपले, हे बाईला कळत नाही.

म्हणून पहिले काम कागदाचे. ऑपरेशनचे कार्ड ट्रंकेत असेल तर काढा आणि एकच प्रश्न विचारा : पिशवीबरोबर अंडाशयही काढले का? एक की दोन्ही? असंख्य बायांना हे ठाऊकच नाही. तो कागद घेऊन अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विभागात दाखवावे. परळीहून एसटीने तासाभराचा रस्ता आहे. अंडाशये गेलेली असतील, वय चाळिशीच्या आत-बाहेर असेल आणि दुसरी अडचण नसेल, तर डॉक्टर पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोनचे औषध देतात. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल किंवा रक्तात गाठी होत असतील, तर ते चालत नाही. मेडिकल दुकानातून आपल्या मनाने गोळी आणू नये, हे मुद्दाम लिहितो. पासष्टीच्या पुढच्या बायांना एक विशिष्ट मिश्र हार्मोन नव्याने सुरू करून पाहिले, तेव्हा २००३ साली विस्मृतीचा धोका उलट वाढलेला आढळला. औषध एकच नसते आणि वेळही बघावी लागते.

विसरभोळेपणाची सगळी जबाबदारी हार्मोनवर टाकूनही चालायचे नाही. रक्त कमी असणे, थायरॉईड, बी-१२ ची कमतरता, साखर, रक्तदाब यांनीही डोके जड होते. या तपासण्या सोबतच करून घ्याव्यात. मशेरी-तंबाखू लावणाऱ्या बाईची पाळी लवकर जाते. हाडांसाठी दूध, तीळ, नाचणी जमेल तशी पोटात जावी.

ज्यांचे ऑपरेशन अजून झालेले नाही, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. २०१९ नंतर बीड जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना असे ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन घातले गेले. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितले की, अनावश्यक गर्भपिशवी काढणे रोखण्याचे केंद्राचे नियम तीन महिन्यांत अंमलात आणा. तेव्हा "आजच काढावी लागेल" असे कोणी म्हटले, तर तिथल्या तिथे अंगठा देऊ नका. दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, सोनोग्राफीचा कागद मागून घ्या, आणि काढायचीच ठरली तर अंडाशये ठेवता येतील का, हे नवऱ्याने नव्हे, बाईने स्वतः तोंडाने विचारावे. टोळी निघण्याआधी ही तपासणी उरकली तर बरे. एकदा फड सुरू झाला की मुकादम सोडत नाही आणि बाईही दुखणे अंगावर काढते.