जुन्या मोटारगाड्यांचा टिकाऊपणा : गंजरोधन, रचना आणि निगा

सारांश : काही जुन्या, सर्वसामान्य वापराच्या मोटारगाड्या तीस-चाळीस वर्षांनंतरही गंजमुक्त आणि विश्वासार्ह राहतात. याचे श्रेय सामान्यतः जाड पत्र्याला दिले जाते. प्रस्तुत लेखात हा समज तपासला असून पृष्ठभागाचे संरक्षण, पाण्याचा निचरा, यंत्रणेतील संयम, हवामान आणि निगा या घटकांच्या आधारे टिकाऊपणाची मीमांसा केली आहे.

बीजशब्द : क्षरण, जस्तविलेपन, विश्वासार्हता, निगा, वयोमर्यादा.

१. प्रास्ताविक

'पूर्वीच्या गाड्यांचा पत्रा जाड होता, म्हणून त्या टिकल्या' हे विधान आपण अनेकदा ऐकतो. परंतु जाड पत्र्याच्या असंख्य गाड्या दहा-बारा वर्षांतच कुजल्या, हे त्यात विसरले जाते. १९७० च्या दशकातील अनेक युरोपीय गाड्या गंजासाठी कुप्रसिद्ध होत्या. ब्रिटनमध्ये तर १९८० साली लान्सिया बीटा या गाडीचा खालचा सांगाडा गंजल्यामुळे कंपनीला ग्राहकांकडून गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. याउलट १९८६ साली आलेल्या तिसऱ्या पिढीतील ऑडी ८० या गाडीचे सांगाडे आजही सुस्थितीत आढळतात. दोन्ही गाड्या पोलादाच्याच होत्या. मग फरक कशामुळे पडला?

२. गंजण्याची प्रक्रिया

लोखंड गंजणे ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे. पत्र्यावर ओलावा साचला की त्याच पत्र्याचा एक भाग धनाग्र आणि दुसरा ऋणाग्र बनतो. धनाग्रापाशी लोह विरघळते, ऋणाग्रापाशी प्राणवायूचे क्षपण होते आणि दोहोंच्या संयोगातून गंज तयार होतो. पाण्यात मीठ असल्यास त्याची विद्युतवाहकता वाढते व क्रियेला वेग येतो. म्हणूनच हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या देशांत आणि समुद्रकाठच्या प्रदेशांत गाड्या लवकर गंजतात.

येथे एक बाब ध्यानात घ्यावी लागते. अ‍ॅल्युमिनिअमवर तयार होणारा ऑक्साइडचा थर घट्ट बसून खालच्या धातूचे रक्षण करतो. लोखंडावरील गंज मात्र सच्छिद्र असतो आणि मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो रंगाला फुगवून उखडतो आणि आतील धातू पुन्हा उघडा पडतो. याचा अर्थ, पत्र्याची जाडी गंजाला थांबवत नाही. ती केवळ भोक पडण्याचा दिवस पुढे ढकलते.

३. जस्त आणि रंग यांचे दुहेरी कवच

ऑडी ८० च्या त्या पिढीत संपूर्ण सांगाडा जस्तविलेपित पत्र्याचा करण्यात आला. पोर्श या कंपनीने आपल्या महागड्या गाड्यांसाठी १९७० च्या दशकाच्या मध्यासच हा मार्ग धरला होता. ऑडीने तो नेहमीच्या वापराच्या कौटुंबिक गाडीपर्यंत आणला. जस्ताचे प्रमाण विद्युतविभव सुमारे उणे ०.७६ व्होल्ट, तर लोहाचे उणे ०.४४ व्होल्ट आहे. त्यामुळे दोन्ही धातू ओलाव्यात एकत्र आले की जस्त प्रथम झिजते आणि लोह वाचते. रंगावर ओरखडा पडून पोलाद उघडे पडले, तरी शेजारचे जस्त त्या ओरखड्याचे रक्षण करते. साध्या रंगाला हे साधत नाही. हा थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतो. तरीही जाड पण उघड्या पत्र्यापेक्षा तो अधिक काम करतो.

दुसरे कवच विद्युत-निक्षेपित प्राथमिक रंगाचे. फवाऱ्याने दिलेला रंग पोकळ खांबांच्या आत पोहोचत नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सांगाडा रंगाच्या कुंडात बुडवून त्यालाच ऋणाग्र करण्याची पद्धत रूढ होत गेली. यामुळे रंग कोपऱ्याकोपऱ्यात समान जाडीने बसू लागला. सांगाड्याच्या पोकळ्यांत मेण भरण्याची जोड मिळाल्यावर हे संरक्षण अधिक परिपूर्ण झाले.

४. पाण्याला वाट देणारी रचना

गाडी सर्वत्र सारखी गंजत नाही. दरवाज्यांचा तळ, पायरीखालची पोकळी, चाकांच्या वरच्या कमानी आणि बॅटरीखालील भाग ही तिची नेहमीची ठिकाणे होत. तेथे चिखल साचतो, ओल टिकून राहते. निचऱ्याची छिद्रे योग्य जागी असणे, कमानीच्या आत प्लॅस्टिकचे अस्तर असणे, दोन पत्र्यांचा सांधा लुकणाने बंद केलेला असणे या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर गाडीचे आयुष्य ठरते. निचऱ्याचे छिद्र मातीने बुजले, तर उत्तम रंगही फार काळ पुरत नाही.

५. यंत्रणेतील संयम

गंजमुक्त सांगाड्यात निकामी इंजिन असेल, तर गाडी भंगारातच जाते. स्वीडनमधील व्होल्वो २४० या गाडीचे उत्पादन १९७४ ते १९९३ या काळात झाले आणि सुमारे २८ लाख गाड्या बनल्या. तिचे ओतीव लोखंडी ठोकळ्याचे इंजिन आकाराच्या मानाने माफक शक्ती देणारे होते. त्यामुळे त्याच्या भागांवरील ताण मर्यादेच्या बराच खाली राही. आठ झडपांच्या इंजिनात दट्ट्या व झडपा यांच्या मार्गांत अंतर ठेवलेले असल्याने दातेरी पट्टा तुटला, तरी झडपा वाकत नसत. दोष घडणारच हे गृहीत धरून त्याची हानी आटोक्यात ठेवण्याचा हा विचार होता.

दीर्घ उत्पादनकाळाचा आणखी एक लाभ असतो. वर्षानुवर्षे तोच भाग बनत असल्याने त्यातील उणिवा दुरुस्त होतात, सुटे भाग मुबलक राहतात आणि कारागिरांचा हात बसतो. आपल्याकडील मारुती ८०० हेही त्याचेच उदाहरण होय. ७९६ घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे इंजिन असलेली ही गाडी १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत तयार होत होती.

अर्थात अशा गाड्याही निर्दोष नव्हत्या. १९८० च्या दशकातील अनेक व्होल्वो २४० गाड्यांत इंजिनाजवळील तारांचे आवरण उष्णतेने भुरभुरीत होऊन गळून पडे. विश्वासार्हता ही सबंध गाडीला दिलेली पदवी नसून एकेका भागाचा गुण आहे.

६. निगा आणि हवामान

न्यूयॉर्क राज्यातील आयर्व्ह गॉर्डन या विज्ञानशिक्षकांनी १९६६ साली घेतलेली व्होल्वो पी-१८०० ही गाडी २०१३ साली ३० लाख मैलांचा, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटरचा टप्पा ओलांडून गेली. तिचे इंजिन वाटेत उघडून दुरुस्त करावे लागले. परंतु तेलबदल व देखभालीचे वेळापत्रक त्यांनी कटाक्षाने पाळले. शीतकासारखी साधी बाबही येथे महत्त्वाची ठरते. त्यातील गंजरोधक द्रव्य कालांतराने संपते. त्याऐवजी नुसते पाणी भरत राहिल्यास लोखंडी ठोकळा व अ‍ॅल्युमिनिअमचे शीर्ष यांच्यात क्षरण सुरू होते.

हवामानाचा वाटाही मोठा आहे. एकाच कारखान्यातील, एकाच वर्षीच्या दोन गाड्यांपैकी एक रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यात व दुसरी सोलापूरच्या कोरड्या हवेत वापरली, तर त्यांचे कागदोपत्री वय सारखे असूनही पत्र्याचे वय सारखे राहत नाही.

७. एक पद्धतिशास्त्रीय सावधगिरी

आज आपल्याला जुन्या गाड्यांतील केवळ तगलेल्या दिसतात. मोडीत गेलेल्या दिसत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड या संख्याशास्त्रज्ञाने परतलेल्या विमानांच्या नुकसानीचा अभ्यास करताना न परतलेल्या विमानांचाही विचार केला. तीच दृष्टी येथे हवी. तगलेल्या गाड्यांवरून 'जुने ते सोने' असा निष्कर्ष काढणे तर्कदुष्ट ठरेल.

८. समारोप

या विवेचनाचा व्यवहाराशी थेट संबंध आहे. मुंबईतील शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथे नोंदवली गेली. टॅक्सींसाठी असलेली २० वर्षांची मर्यादा पूर्ण होताच, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस, ही गाडी टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. प्रदूषण व सुरक्षितता यांच्या दृष्टीने अशा मर्यादेला आधार आहे; गंज नसलेल्या गाडीचा धूरही स्वच्छ असतोच असे नाही. मात्र वय हे गाडीच्या अवस्थेचे केवळ स्थूल माप आहे. पायरीखालची पोकळी, निचऱ्याची छिद्रे, तेल आणि धूर तपासूनच गाडीची खरी अवस्था कळते. जुनी गाडी टिकते ती जुनी आहे म्हणून नव्हे. कोणीतरी पाण्याचा आणि दोषाचा विचार आधी केला आणि पुढे कोणीतरी ती निगुतीने वापरली, म्हणून ती टिकते.