पिंजारलेल्या केसांची कैफियत

इसवी सन १७८३ मध्ये जिनीव्हा येथील निसर्गवेत्ते होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी आर्द्रतामापनाविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा हवेतील ओलावा मोजण्यासाठी त्यांनी सिद्ध केलेल्या उपकरणाचा मुख्य घटक होता मनुष्याच्या डोक्यावरचा केस. सोड्याच्या पाण्यात उकळून त्याचा तेलकटपणा काढून टाकायचा, एक टोक पक्के बांधायचे, दुसरे टोक एका नाजूक अक्षाभोवती वळवून त्याला अल्पसे वजन लावायचे आणि त्या अक्षाला काटा जोडायचा, एवढीच त्या यंत्राची रचना होती. परंतु हवा दमट होताच केस लांबे, कोरडी होताच आखडे, आणि काटा त्याची वर्दी देई. अत्यंत शुष्क हवेतून बाष्पाने पूर्ण भरलेल्या हवेत नेलेला केस सुमारे दोन ते अडीच टक्क्यांनी लांबतो, आणि त्याचे हे वर्तन इतके भरवशाचे ठरले की पुढे विसाव्या शतकातही, आपल्या देशातील वेधशाळांसह अनेक देशांच्या वेधशाळांत, दिवसरात्र आर्द्रतेची नोंद ठेवणारी यंत्रे केसांवरच चालत राहिली.

आषाढातल्या सकाळी विंचरून, चापूनचोपून घराबाहेर पडावे आणि रेल्वेच्या फलाटावर पोहोचेपर्यंत केसांनी चोहोबाजूंनी उभे राहावे, या अनुभवाने मुंबई-कोकणातील असंख्य स्त्रिया आणि पुरुषही बेजार झालेले असतात, आणि ‘माझे केस मुळीच ऐकत नाहीत’ ही तक्रार घरोघर उमटत असते. वस्तुतः केस त्या वेळी हवेतील बदलाला अचूक प्रतिसाद देत असतात. त्यांच्या स्वभावाची ओळख नसल्यामुळे आपण मात्र त्यांच्यावर बळजबरी करू पाहतो आणि त्यांचे कायमचे नुकसान करून बसतो. त्वचेच्या बाहेर आलेला केस निर्जीव असतो, तो एकदा झिजला की भरून येत नाही, आणि म्हणून केसांच्या बाबतीतली सारी तजवीज दुरुस्तीच्या नव्हे तर रक्षणाच्या बाजूने केली पाहिजे, हे एकच सूत्र या लेखात सप्रमाण मांडावयाचे आहे.

कंगव्यात अडकलेला एखादा लांब केस घेऊन तो चिमटीतून मुळाकडून टोकाकडे ओढून पाहावा. तो सुळकन निसटतो. तोच उलट, टोकाकडून मुळाकडे ओढला तर बोटांना किंचित खरखर जाणवते. या खरखरीचे कारण सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसते. केसाच्या पृष्ठभागावर अत्यंत पातळ, पारदर्शक शल्कांचे सहा ते दहा थर असतात आणि उतरत्या छपरावर मंगळुरी कौले जशी एकावर एक सरकवून बसवलेली असतात, तशी या शल्कांची मोकळी कड टोकाच्या दिशेला असते. शल्कांवर निसर्गाने स्निग्ध द्रव्याचा एक अतिसूक्ष्म लेप दिलेला असतो, ज्यामुळे निरोगी केसावरून पाणी ओघळून जाते आणि शेजारचा केस घर्षणावाचून सरकतो. आतल्या गाभ्यात केराटिन नावाच्या प्रथिनाचे तंतू एकमेकांलगत बसलेले असतात. आपली नखे, मेंढीची लोकर आणि जनावरांची शिंगे ज्या द्रव्याची बनलेली असतात, त्याच कुळातले हे द्रव्य.

या गाभ्याचे रहस्य उलगडण्यास विसावे शतक उजाडावे लागले. लीड्स येथे विल्यम अ‍ॅस्टबरी यांनी १९३० च्या सुमारास लोकर आणि केस यांच्यावर क्ष-किरणांचे प्रयोग केले, तेव्हा केस ताणला असता त्याच्या आतील रेणूंची रचनाच पालटते असे त्यांना आढळले. आणि १९५१ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनी ती मूळ रचना सर्पिल असल्याचे प्रतिपादन केले. या सर्पिल रेणूंना एकत्र बांधणारे बंध मुख्यतः दोन प्रकारचे. गंधकाचे बंध चिवट असतात. ते पाण्याने तुटत नाहीत, त्यांना तोडण्यास तीव्र रसायनेच लागतात. हायड्रोजनचे बंध मात्र दुबळे पण संख्येने विपुल, आणि पाणी आत शिरताच ते सुटतात व पाणी निघून जाताच नव्याने जुळतात. ओले केस ज्या स्थितीत वाळतात ती स्थिती ते काही काळ धरून ठेवतात, रात्री घातलेल्या ओलसर वेणीच्या लाटा सकाळी दिसतात आणि दमट हवेत गेल्यावर त्या विरघळतात, या साऱ्याची कारणमीमांसा या दुबळ्या बंधांत आहे.

पाण्याने भिजलेल्या केसाची जाडी सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढते. ही वाढ सर्व केसांत सारखी झाली असती, तर पिंजारण्याचा प्रश्न उद्भवलाच नसता. परंतु ज्याची शल्के उचकटली आहेत तो केस पाणी झपाट्याने शोषतो, शेजारचा धडधाकट केस सावकाश शोषतो, एकाच केसाच्याही एका बाजूला ओलावा अधिक तर दुसऱ्या बाजूला कमी शिरतो, आणि मग प्रत्येक केस आपापल्या कलाने वाकतो, फुगतो, पिळवटतो. एका दिशेने नांदणारी बट त्यामुळे मोडते आणि डोक्याभोवती तो परिचित पिंजारा उभा राहतो.

कुरळ्या केसांना हा त्रास अधिक होतो याचे कारण त्यांच्या जन्मस्थानी आहे. सरळ केसाचा छेद बहुधा गोलाकार आणि त्याचे मूळ त्वचेत सरळ उभे असते. कुरळ्या केसाचा छेद लंबवर्तुळाकार आणि त्याचे मूळच त्वचेखाली वक्र असते. टाळूतून पाझरणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून अनायासे खाली उतरते, पण वळणावळणाच्या वाटेवर ते मध्येच थांबते आणि टोके कोरडी राहतात. ही ठेवण अनुवंशाने मिळते. तिच्यात अस्वच्छता नाही, निष्काळजीपणा नाही, आणि ती रोगही नाही. कुरळा केस कोरडा असताना दाट दात्यांच्या फणीने विंचरला की त्याच्या बटा फुटतात आणि केस दुप्पट फुलारतात. म्हणून त्याची निगा सरळ केसांच्या नियमांनी करू जाणे हीच मूलभूत चूक होय.

कोकणात ओलावा जे करतो, ते विदर्भ-मराठवाड्याच्या शुष्क ऋतूंत त्याचा अभाव करतो. कोरड्या हवेत कंगव्याच्या घर्षणाने केसांवर विद्युत्भार साचतो, तो वाहून नेण्यास पुरेसे बाष्प हवेत नसते, आणि एकाच जातीचा भार असलेले केस परस्परांना दूर लोटतात. दोन्ही ठिकाणचे दृश्य सारखे दिसले तरी इलाज भिन्न आहेत. कोरड्या हवेत प्लास्टिकऐवजी लाकडी कंगवा वापरावा आणि तळहातावर तेलाचा एखादाच थेंब पसरून तो केसांवरून फिरवावा. दमट हवेत बाष्पाला अटकाव करणारा स्निग्ध थर हवा. ग्लिसरीनसारखी ओलावा ओढून घेणारी द्रव्ये ऐन पावसाळ्यात केसांना आणखी फुगवतात, ही गोष्ट केसांची प्रसाधने विकत घेताना ध्यानात ठेवावी.

केसांची खरी हानी पुष्कळ वेळा न्हाणीघरात होते. साबण अल्कधर्मी असतो. त्याने केस फुगतो आणि शल्कांच्या कडा उचलल्या जातात. त्यातून कूपनलिकेचे जड पाणी असेल तर त्यातील चुना साबणाशी संयोग पावून चिकट साका केसांवर बसतो आणि धुतलेले केस न धुतल्याहून राठ लागतात. म्हणून अंगाचा साबण केसांना लावू नये. सौम्य शाम्पू घ्यावा. आपल्या आज्या-पणज्यांच्या शिकेकाई आणि रिठ्यात फेस करणारी सॅपोनिन द्रव्ये असल्यामुळे ती मळ काढतात हे खरेच, मात्र त्यांची भरड पूड डोक्यावर रगडल्याने केस खरवडले जातात. काढा करून, वस्त्रगाळ करून तो वापरणे श्रेयस्कर.

न्हाण्यापूर्वी खोबरेल माखण्याच्या चालीची तर प्रयोगशाळेत रुजुवात झालेली आहे. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या मुंबईतील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. धुण्याने केसांतून निघून जाणारे प्रथिन लक्षणीय प्रमाणात राखले ते एकट्या खोबरेलाने. खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ साखळीचा असल्यामुळे तो केसाच्या गाभ्यापर्यंत शिरतो आणि पाण्याने होणाऱ्या फुगवट्याला आवर घालतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे आई पोरांच्या टाळूवर तेल थापते त्या अभ्यंगात केसांच्या रक्षणाचा असा भक्कम विचार आहे. तो वर्षातून एका दिवसापुरता न ठेवता प्रत्येक न्हाण्याच्या आधी तासभर पाळला, तर त्याचा लाभ पदरी पडेल.

न्हाल्यानंतरची अर्धी घटका सर्वांत नाजूक. ओला केस फुगलेला व दुबळा असतो. त्या स्थितीत खरखरीत टॉवेलने खसाखसा पुसणे म्हणजे शल्के उपटून काढणेच. मऊ सुती पंचाने केस दाबून पाणी टिपावे. शाम्पूनंतर लावलेला कंडिशनर येथे उपयोगी पडतो, कारण झिजलेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो आणि कंडिशनरमधील धन भाराचे रेणू नेमके त्या झिजलेल्या जागी जाऊन चिकटतात. मग रुंद दात्यांच्या कंगव्याने आधी टोकांचा गुंता सोडवावा, नंतर मधला, शेवटी मुळाकडचा. आणि केस वाळेपर्यंत त्यांत हात घालू नये. ओल्या केसांवर तापलेली इस्त्री फिरवल्यास आतल्या पाण्याची वाफ होऊन गाभ्यात बुडबुडे उठतात व केस तेथेच मोडतो.

बळजबरीचा सर्वांत घातक मार्ग म्हणजे केस सरळ करण्याच्या काही रासायनिक उपचारपद्धती. ‘केराटिन’ या आकर्षक नावाखाली विकल्या गेलेल्या अनेक द्रावणांतून फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडतो, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच त्याची गणना मनुष्यास कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत केली आहे. त्याच्या जागी आलेल्या ग्लायॉक्सिलिक आम्लामुळे मूत्रपिंडांना इजा झाल्याच्या नोंदी अलीकडे इस्राएल आणि फ्रान्समधील डॉक्टरांनी केल्या आहेत. धोका जो उपचार घेतो त्याच्यापुरता राहत नाही. बंद खोलीत दिवसभर तो वायू हुंगणाऱ्या कारागीर मुलींच्या प्रकृतीचे काय, हाही प्रश्न आपण विचारला पाहिजे.

केसांचा पोत कधी शरीरातील बिघाडाचीही सूचना देतो. जॉन मेन्केस यांनी १९६२ मध्ये वर्णिलेल्या अत्यंत दुर्मीळ बालरोगात केस ठिसूळ आणि पिळदार होतात. दहा वर्षांनी मेलबर्नच्या डेव्हिड डँक्स यांना असे दिसले की तांब्याची उणीव असलेल्या जमिनीवर चरणाऱ्या मेंढ्यांची लोकरही नेमकी अशीच बिघडते, आणि त्या धाग्याने रोगाचे मूळ शरीरातील तांब्याच्या अभावात सापडले. आपल्याकडे नित्य आढळणारे कारण त्याहून साधे असते: गळ्यातील अवटू ग्रंथीचे काम मंदावले की केस कोरडे व राठ होतात. आयुष्यभर मऊ असलेले केस थोड्या महिन्यांत पालटले आणि जोडीला थकवा किंवा केसगळती असेल, तर तेल बदलत न बसता रक्ततपासणी करावी.

शेवटी एक गोष्ट आग्रहाने सांगितली पाहिजे. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणजे कंबरेपर्यंत रुळणाऱ्या वेणीचे टोक पाच-सहा वर्षांचे ऊन, पाणी आणि फणी सोसून आलेले असते. ते कोणत्याही महागड्या बाटलीने पूर्ववत होणार नाही, ते कातरावेच लागते. पण मुळाशी रोज उगवणारा केस अक्षत असतो आणि आजपासून घेतलेली काळजी त्याच्या पुरेपूर कामी येते. काळजीच्या जोडीला आदरही हवा. केसांच्या पोतावरून कोणाला शाळेत वा नोकरीत कमी लेखू नये, असा कायदा कॅलिफोर्नियाला २०१९ मध्ये करावा लागला. आपल्या घरांत त्यासाठी कायद्याची आवश्यकता पडू नये. कुरळ्या केसांच्या मुलीला ‘जरा नीट विंचरून ये’ असे चारचौघांत फर्मावण्याऐवजी तिला रुंद दात्यांचा कंगवा, वाटीभर खोबरेल आणि तिचे केस जसे आहेत तसेच शोभतात हा भरवसा द्यावा. या तीन गोष्टींचा खर्च अल्प आहे, आणि केसांची राखण करण्यास त्या पुरेशा आहेत.